इंटरव्ह्यूला १९ दिवस झाले, फोन नाही. आणि दुसरीकडे शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय

बेड_नंबर_सात

नाइट संपवून आलेय, झोप येत नाहीये, त्यामुळे लांबण लागली तर समजून घ्या.

मेडिकल वॉर्डला नर्स म्हणून सहा वर्षं झाली. आता आयसीयूत जायचंच असं ठरवून तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. पहिल्या ठिकाणचं 'नाही' दुसऱ्याच दिवशी आलं. त्याचं वाईट वाटलं नाही, त्यांना व्हेंटिलेटरवर काम केलेलीच हवी होती. दुसऱ्या ठिकाणी घेतलंय, ऑफर लेटरही आलंय, पण परत जनरल वॉर्डच. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं. तिसरं ठिकाण म्हणजे मला खरोखर हवं असलेलं. तिथे 'दोन आठवड्यांत कळवू' म्हणाले होते. आज १९ वा दिवस.

तो इंटरव्ह्यू अजून डोक्यातून जात नाही. समोर मेट्रन, आयसीयूच्या इन्चार्ज आणि एचआरचे एक गृहस्थ. सुरुवात छान झाली. ५०० एमएल चार तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा (म्हणजे एका एमएलला २० थेंब), मिनिटाला किती थेंब? तोंडी सांगितलं, ४२. मग जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायचे गुण; डोळे, बोलणं, हालचाल): पेशंट हाक मारल्यावर डोळे उघडतो, बोलतो पण कुठे आहे ते कळत नाही, सांगितलेलं करतो. तीन, चार, सहा, म्हणजे १३. इन्चार्ज मान डोलावत होत्या.

आणि मग त्यांनी विचारलं, "रक्त लावून दहा मिनिटं झालीत. पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखते म्हणतोय. काय करशील?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना कळवीन."

त्या म्हणाल्या, "आणि तोवर रक्त चालूच?"

पुढचं सगळं मी धडाधडा म्हटलं. रक्त बंद, सेट बदलून सलाइनवर लाइन चालू ठेवायची, व्हायटल्स, बॅगेवरचं लेबल आणि मनगटावरचा बँड परत जुळवायचा, बॅग सेटसकट ब्लड बँकेला परत. पण पहिलं वाक्य निसटलं ते निसटलंच. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल यावर मी १९ दिवस विचार करतेय.

चीड याची येते की हे मी वॉर्डमध्ये खरोखर दोनदा केलंय. दोन्ही वेळा तोंडातून शब्द फुटायच्या आधी हात क्लॅम्पवर गेला होता. खुर्चीत बसून मात्र हात मांडीवर आणि तोंड पुढे.

त्यात फोनचा घोळ. ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये. अकराव्या दिवशी दुपारी दोन-चाळीसला एका लँडलाइनचा मिस्ड कॉल. मी तेव्हा ओव्हर देत होते (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवत होते). परत लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज, अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, रिपोर्टसाठी दोन दाबा. माणूस काही लागेना. तेव्हापासून फोन व्हायब्रेटवर खिशात ठेवते (नियमात बसत नाही, माहीत आहे). परवा ड्रेसिंग करताना वाजला, ग्लोव्हज काढून धावत बाहेर गेले, तर कर्ज हवंय का विचारणारी बाई.

तर विचारायचं असं:
फोन करू का, की ते हपापल्यासारखं दिसेल?
रक्ताच्या प्रश्नाचं नीट उत्तर मेलवर लिहून पाठवू का?
शनिवारचं काय करू?
आणि आत्ताच्या इन्चार्जना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनाच फोन गेला तर?

---

तिरकस_तापमापक

१९ दिवस म्हणजे नाही. हवी असतीस तर तिसऱ्या दिवशी फोन आला असता. शनिवारचं घे आणि झोप.

---

जुनी_इन्चार्ज

तापमापक, तुमचा पारा नेहमीच खाली.

अगं सात, मी दहा-बारा वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलेय, म्हणून तिकडचं सांगते. इंटरव्ह्यू संपल्यावर आम्ही मार्कांचा कागद भरतो आणि आपापल्या ड्यूटीवर पळतो. कागद मेट्रनकडे, तिथून एचआरकडे, तिथून पदाला मंजुरी देणाऱ्या साहेबांकडे. एकदा एका मुलीची फाइल तीन आठवडे अडकली, कारण सहीचा माणूस रजेवर होता आणि त्याच्या जागी सही कुणी करायची हेच ठरेना. मुलगी तिकडे रडत होती, आम्ही इकडे तिच्याच नावाने रोस्टर कसं भरायचं ते बघत होतो. दुसरं एक कारण तुला आवडणार नाही, पण खरं आहे: पहिल्या नंबरच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते आणि ती हो-नाही करत बसलेली असते. ती हो म्हणेपर्यंत दुसऱ्या नंबरला कुणी 'नाही' कळवत नाही. म्हणजे उशीर झाला तर तू पहिली नसशील, पण बाहेरही नसशील.

रक्ताचं. खोटं सांगत नाही, मी असते तर त्या उत्तराला पूर्ण मार्क दिले नसते. थांबवणं आधी, कळवणं नंतर. पण तिने तुला धागा दिला आणि तू तो धरलास, हेही मी लिहिलं असतं. असे प्रश्न त्यासाठीच असतात. टोकल्यावर वाद घालणारी किंवा गप्प होणारी मुलगी मला आयसीयूत नको असते. चूक कळल्यावर पुढचं क्रमाने सांगणारी चालते. आणि बॅगेचं लेबल परत जुळवायचं हे शंभरातल्या सगळ्यांना आठवत नाही.

मेलवर उत्तर लिहून पाठवू नकोस. एका मुलीने मला दीड पान पाठवलं होतं, हायपोग्लायसेमियाच्या (शुगर फार उतरण्याच्या) प्रश्नावर. १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत शुगर, सगळं बरोबर. फाइलला लावलं. वाचलं फक्त मी, आणि मला तोवर तिची चूक आठवतही नव्हती. पत्र आलं तेव्हा आठवली.

फोन मात्र कर. एचआरला, वॉर्डला नाही. सकाळच्या राउंडच्या वेळी आयसीयूत फोन करून 'माझं काय झालं' विचारणारे लोक आम्हाला वेगळ्याच कारणाने लक्षात राहतात. एचआरला सांगायचं: अमुक तारखेला या पदासाठी इंटरव्ह्यू दिला, मला तुमच्याकडेच यायचंय, पण दुसरीकडून ऑफर आहे आणि शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय, तर निर्णय कधीपर्यंत होईल? एवढंच. दोन मिनिटं. हे हपापलेपण नाही. दुसरी ऑफर आहे म्हटल्यावर कागद जरा लवकर हलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नसलेली ऑफर सांगायची नाही, एवढं पथ्य पाळायचं.

शनिवारवाल्यांकडे चार-पाच दिवस मागून घे. मागितल्याने ऑफर काढून घेणारे विरळा. आणि काढून घेतलीच, तर तिथे रजा मागताना काय झालं असतं त्याचा विचार कर.

---

थ्रीवे_ब्रदर

जुन्या सिस्टरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझ्यासारखा मूर्खपणा करू नका म्हणून लिहितो.

१. माझं निवडीचं पत्र स्पॅममध्ये नऊ दिवस पडून होतं. आत्ता उठून बघा. जाहिरातींचा वेगळा कप्पा असतो, तोही बघा.

२. तो लँडलाइन नंबर. ऑफर किंवा इंटरव्ह्यूच्या मेलखाली हॉस्पिटलचा नंबर असेल, त्याचे सुरुवातीचे आकडे जुळवा. बोर्डवरून बाहेर जाणारा कॉल बहुतेक तसल्याच नंबरवरून दिसतो. आणि एचआरला फोन कराल तेव्हा सांगा, 'मी दुपारी दोनपर्यंत ड्यूटीवर असते, त्यानंतर किंवा मेलवर संपर्क करा.' ते पण हॉस्पिटलवालेच, त्यांना यात नवल नाही.

३. हे महत्त्वाचं. वाट बघताय तर कागद बघा. माझी निवड झाली आणि जॉइनिंग अडकलं ते हिपॅटायटिस बी मुळे. लस तिन्ही डोस घेतलेली (शून्य, एक, सहा महिने), पण टायटर (लसीने रक्तात पुरेशी अँटीबॉडी तयार झाली का ते बघणारी तपासणी) कधी केलंच नव्हतं. केलं तर १० च्या खाली, म्हणजे अपुरं निघालं. मग परत डोस, मग महिन्याने परत रक्त. तेवढे दिवस मी ना इकडचा ना तिकडचा, कारण उत्साहात राजीनामा आधीच देऊन बसलो होतो. रजिस्ट्रेशनची तारीख, बीएलएसच्या (हृदय बंद पडल्यावर करायच्या प्राथमिक उपचारांच्या) सर्टिफिकेटची तारीख आणि टायटर, या तीन गोष्टी आजच काढून ठेवा.

रेफरन्ससाठी आत्ताच्या इन्चार्जऐवजी आधीच्या वॉर्डच्या इन्चार्जचं नाव देता येतं का बघा. आणि ज्यांचं नाव द्याल त्यांना आधी सांगा. माझ्या एका मैत्रिणीच्या जुन्या मॅडमना फोन गेला तर त्या म्हणाल्या, "कोण?"

---

बेड_नंबर_सात

स्पॅम बघितलं. काही नाही. चपलांवर सूट आहे.

तापमापक, तुमचं वाचून आधी राग आला आणि मग दोन तास खरंच झोप लागली. त्याबद्दल आभार.

जुन्या सिस्टर, 'थांबवणं आधी, कळवणं नंतर' हे वाचून पोटात खड्डा पडला, पण बरंही वाटलं. सगळ्या मैत्रिणी 'काही नाही गं, छानच झाला असेल' म्हणतात आणि त्याने काही होत नाही.

आज अकराला एचआरला फोन करते. पाठ करून ठेवलंय. रेफरन्समध्ये मी आत्ताच्या इन्चार्जचंच नाव दिलंय हे आत्ता आठवतंय. आता?

---

जुनी_इन्चार्ज

आता त्याच फोनवर सांग, की सध्याच्या ठिकाणी निवड पक्की झाल्यावरच विचारा. सगळ्यांना सवय आहे याची. आणि एक सांगू? तुझ्या इन्चार्जला बहुतेक अंदाज आलेला असतो. फोन खिशात ठेवून ड्रेसिंग करणारी मुलगी आम्हाला लांबूनही दिसते.

---

बेड_नंबर_सात

केला फोन. चार वेळा लावला, तीन वेळा तीच बाई, एक दाबा, दोन दाबा. चौथ्यांदा काहीच न दाबता थांबून राहिले, तर ऑपरेटर आली! तिने जोडून दिलं.

ते इंटरव्ह्यूतलेच गृहस्थ होते. मी पाठ केलेलं म्हणाले, मध्ये एकदा अडखळले. ते म्हणाले, "हो हो, तुमची फाइल आहे. पुढच्या आठवड्यात कळेल." मी म्हटलं शनिवार. ते जरा थांबले आणि म्हणाले, "बुधवारपर्यंत सांगतो." त्या मिस्ड कॉलचं विचारलं, तर तो त्यांचा नव्हताच. १९ दिवसांपैकी आठ दिवस मी उगाच त्या नंबरपायी झुरत होते.

मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तुमचं रजिस्ट्रेशन कधीपर्यंत व्हॅलिड आहे? आणि हिपॅटायटिस बी चं टायटर केलंय का?"

रजिस्ट्रेशनचं सांगितलं. टायटर नाही केलेलं. उद्या सकाळी ड्यूटी सुटली की आमच्याच लॅबला रक्त देणार आहे. शनिवारवाल्यांना मेल टाकला, गुरुवारपर्यंत वेळ मागितला. अर्ध्या तासात 'चालेल' असं एका शब्दात उत्तर आलं. आणि याच मेलसाठी मी आठवडाभर घाबरत होते.

टायटर विचारलं म्हणजे काही अर्थ आहे का? की सगळ्यांनाच विचारतात?

---

थ्रीवे_ब्रदर

ज्यांना घ्यायचंच नाही त्यांच्या लसीची चौकशी कोण करत बसेल? पण सगळ्यांना विचारणारेही असतात. माझ्या वेळी तरी शेवटच्या तिघांना विचारलं होतं.

---

तिरकस_तापमापक

बरं, ३७.२. तापाकडे झुकतंय.

---

जुनी_इन्चार्ज

रक्त द्यायला जाशील तेव्हा रिपोर्ट स्वतःच्या मेलवर माग, वॉर्डच्या ट्रेमध्ये येऊ देऊ नकोस, नाहीतर सगळ्या मजल्याला कळेल. राजीनामा हवा तर टाइप करून ठेव, तारखेची जागा मात्र कोरी सोड. आणि उद्यापासून तो फोन लॉकरमध्ये.