‘गेट टुगेदर’ : यंगब्लड्ससारखं कडवं का बसत नाही?

प्रश्न
गाणं चेट पॉवर्सचं, पण आम्हाला यंगब्लड्स या अमेरिकन रॉक बँडचं १९६७ चं रूप बसवायचंय. दोन गिटार, बेस, ड्रम्स. पट्टी ए. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कडव्यात ए–जी, धृपदात डी–ई–ए. कॉर्ड बरोबर आहेत, तरी कडवं तरंगत नाही आणि धृपद उघडत नाही. कडवं संपताना ए वर परतायला एक ठोका ई घेतो.

तारसप्तक
तो ई काढा, तिथेच घोटाळा आहे. ए म्हणजे सा धरा. मग जी हा कोमल नी. अख्खं कडवं खमाज थाटात (फक्त नी कोमल, बाकी सूर शुद्ध) कोमल नीवर झुलतं. शुद्ध नी, म्हणजे जी शार्प, पहिल्यांदा येतो तो धृपदातल्या ई मध्ये. धृपद उजळतं ते त्या एका सुरामुळे. तो कडव्यातच खर्च केलात तर पुढे काय उरणार? बेसवाल्यानेही जीवरून ए वर येताना मधला जी शार्प घेऊ नये. आणि ए सेव्हन (ए कॉर्डमध्येच जी मिसळलेली) नको, कान लगेच डीकडे ओढला जातो.

सहा_तारा
दोघंही स्ट्रम करत (सगळ्या तारा एकदम छेडत) असाल तर एकाने थांबा. दुसऱ्याने स्वच्छ आवाजात, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद ठेवून, तारा सुट्या छेडायच्या. ए आणि जी मध्ये एकही सूर सामाईक नाही, म्हणून कॉर्ड बदलताना हिसका बसतो. त्यावर उपाय: जी धरताना तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट दाबा. सहावी आणि पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी मुकी, बाकी दोन मोकळ्या. ए चा सूर दोन्हीकडे घुमत राहतो.

लयकारी
ड्रम्स हलके. यंगब्लड्सचा ड्रमर, जो बॉअर, जॅझच्या वळणाचा होता, ते झांजेवर ऐकू येतं. धृपदात आवाज वाढला की लयही वाढते. मेट्रोनोमवर कडव्यातून धृपदात जाणाऱ्या चारच मात्रा घोटा. कडवं एकट्या आवाजात, जोडआवाज धृपदापासून. कडव्यातही जोड हवीच असेल तर जी कॉर्डवर कुणी सवयीने जी शार्प गात नाही ना, तेवढं तपासा.

प्रश्नकर्ता
ई काढला, फरक लगेच कळला! गायिकेला ए खाली पडतो, सी हवा.

सहा_तारा
कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर, बोटं तीच. फक्त बेसने सी–बी फ्लॅट, धृपदात एफ–जी–सी.