शब्दचर्चा: दाह, शोथ, सूज आणि ‘प्रतिकारशक्ती’

प्रश्न: सोरायसिस आणि तोंडातला लायकेन प्लेनस या दोन आजारांवर रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. ‘इन्फ्लमेशन’साठी दाह, शोथ की सूज? आणि ‘इम्यून सिग्नलिंग’ला काय म्हणू?

प्रतिसाद १: सूज नको. तोंडातल्या लायकेन प्लेनसमध्ये गालाच्या आतून पांढऱ्या रेषांची जाळी दिसते, काहींना लाल, सोललेले चट्टे पडतात. ‘सूज’ वाचून रुग्ण म्हणेल, मला तर सूज नाहीच. ‘शोथ’ वैद्यकीय लेखनात रुळला आहे (संधिशोथ, यकृतशोथ), पण त्याचाही मूळ अर्थ सूजच. माझं मत ‘दाह’ला. लॅटिन शब्दाच्या मुळाशीही पेटणंच आहे, आणि तिखट खाल्लं की तोंडाची आग होते ही या रुग्णांची नेहमीची तक्रार.

प्रतिसाद २: ‘दाह’ चालेल, पण तो शब्द वाचला की आपल्याकडे लगेच ‘उष्णता वाढलीय’ सुरू होतं आणि सब्जा, गुलकंद निघतात. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहा की इथे शरीराच्याच टी पेशी (संरक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तोंडाच्या आतल्या अस्तरातील तळाच्या पेशींवर हल्ला करतात. ‘तोंड आलंय’ हेही टाळा. नेहमीचं तोंड येणं आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होतं. लायकेन प्लेनस वर्षानुवर्षं राहू शकतो. दोन्हींना एकच शब्द वापरला तर माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो.

प्रतिसाद ३: मला जास्त काळजी ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाची वाटते. शक्ती म्हटलं की ती कमी किंवा जास्त असणार, आणि कमी असेल तर वाढवायची. सोरायसिस झालेले लोक याच समजुतीने काढे आणि पावडरी घेत राहतात. या आजारात प्रश्न असतो तो कोणता संदेश कुठे अखंड चालू राहिला याचा.

सोरायसिसमध्ये इंटरल्यूकिन-२३ हे प्रथिन काही टी पेशींना चेतवत ठेवतं. त्या पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडतात आणि त्वचेच्या पेशी भराभर वाढू लागतात. एरवी खालच्या थरातली पेशी वर यायला साधारण महिना लागतो, इथे काही दिवसांतच येते; म्हणून जाड, खवल्यांचे चट्टे. मात्र हेच इंटरल्यूकिन-१७ तोंडात कॅन्डिडा या बुरशीला आवर घालतं. सेक्युकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१७ अडवणारं इंजेक्शन अमेरिकेत २०१५ साली सोरायसिससाठी मंजूर झालं. या गटातल्या औषधांनी चट्टे जातात, पण काही रुग्णांच्या तोंडात बुरशीचा पांढरा थर धरतो. कातडीवर जो संदेश त्रास देतो तोच तोंडात राखण करतो. हे ‘शक्ती’ या शब्दात कसं बसवणार? ‘प्रतिकारयंत्रणा’ लिहा.

सिग्नलला ‘संकेत’ नको, कारण त्याचा ‘रूढी’ असाही अर्थ होतो. ‘संदेश’ म्हटलं की पाठवणारी आणि घेणारी पेशी आपोआप डोळ्यांपुढे येतात. रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर संदेश घेणाऱ्या भागाला, ‘ग्राही’ आहेच. सायटोकाइन (इंटरल्यूकिनसारखं संदेश वाहणारं प्रथिन) तसंच ठेवा. रुग्णाला तो शब्द डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येणार आहे.

प्रश्नकर्ती: मग असं लिहू का: ‘सोरायसिस हा प्रतिकारयंत्रणेच्या संदेशांमुळे होणारा त्वचेचा दाह आहे. तो संसर्गजन्य नाही. हे औषध प्रतिकारशक्ती दाबून टाकतं.’

प्रतिसाद ३: पहिली दोन वाक्यं छान. तिसऱ्यात ‘एक ठरावीक संदेश अडवतं’ असं करा. सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाला ‘दाबणं’ शोभतं, कारण त्याचा परिणाम बराच व्यापक असतो. आणि खाली एक ओळ वाढवा: हे इंजेक्शन सुरू असताना तोंडात पांढरा थर दिसला किंवा गिळताना दुखलं, तर डॉक्टरांना कळवा, इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका.

प्रतिसाद २: त्या ओळीत ‘थर’च्या आधी ‘पुसला तर निघणारा’ असंही घाला. लायकेन प्लेनसच्या पांढऱ्या रेषा पुसून जात नाहीत, आणि तुमच्या पत्रकात दोन्ही आजार शेजारी शेजारी आहेत.