टाकी नं. २ (सोसायटी ग्रुप, मालवण)

शिल्पा ए-१०२: खताच्या दोन नंबरच्या टाकीचा वास आज थेट स्वयंपाकघरात. खिडक्या लावून किती दिवस बसायचं? दर पावसाळ्यात हेच नाटक.

गद्रे सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती की ओला कचरा ओल्यातच टाकावा.

शिल्पा ए-१०२: सर, तो ओल्यातच आहे. वास ओल्याचाच येतोय.

कुलकर्णी ए-२०१: ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपली आणि वास सुरू झाला. यापेक्षा जास्त बोलत नाही.

रोहन ए-४०१: पण काका, सध्या श्रावण ना? सोसायटीत सगळेच पाळतात म्हणे. मग टाकीत बांगड्याची डोकी कुठून?

तांडेल वहिनी बी-१०३: आम्ही पाळत नाही आणि लपवतही नाही. मालवणात घर घेऊन माशाच्या वासाची तक्रार म्हणजे कमालच झाली.

मयेकर बी-३०१: पार्किंगच्या पत्र्याची पन्हळ फुटली आसा. पाणी सरळ दोन नंबरात पडता. ता आदी बगा.

अनघा बी-२०४: शिल्पा, वास नेमका कसला आहे? कुजक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा जात नाही, पाणी साचलंय. नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा असेल तर तो अमोनिया, म्हणजे सुका माल कमी पडतोय. दोन्हींचे उपाय वेगळे.

शिल्पा ए-१०२: अंड्यासारखा. शिवाय कालपासून फिनेलचा.

अनघा बी-२०४: फिनेल? टाकीत फिनेल कोणी ओतलं??

गद्रे सेक्रेटरी: वॉचमनला मी सांगितलं होतं. तक्रारी येत होत्या. तातडीचा उपाय म्हणून.

अनघा बी-२०४: सर, कचरा कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात. काम बंद पडलं की सडणं सुरू. वास दोन दिवस दबतो, मग दुप्पट येतो.

रोहन ए-४०१: टाकीला आता ओआरएस द्या.

कुलकर्णी ए-२०१: पांढऱ्या अळ्याही आहेत. किळसवाणं.

अनघा बी-२०४: जाड, मळकट, सावकाश हलणाऱ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. माशाची आतडी सगळ्यात आधी त्याच संपवतात. त्रास काही नाही. पण त्या खूप दिसल्या की माल जास्त ओला आहे असं समजायचं.

मयेकर बी-३०१: पन्हळीचा पाणी दोन नंबरात पडता. एक नंबराक वास नाय, तीन नंबराक नाय. कित्याक ता बगा.

परकर भाभी ए-३०२: विषय निघालाच आहे तर सांगते, माझ्या पार्किंगमध्ये परत कोणाची तरी ॲक्टिव्हा आहे.

गद्रे सेक्रेटरी: कृपया एका वेळी एकच विषय.

तांडेल वहिनी बी-१०३: अनघा, माशाचा कचरा टाकीत घालायचा की नाही ते एकदा सांग. उगाच बोलणी खायला नकोत.

अनघा बी-२०४: घालायचा. त्यात नत्र भरपूर असतं, खत चांगलं होतं. फक्त वरवर भिरकावायचा नाही. मधोमध हातभर खड्डा करायचा, माशाच्या तिप्पट लाकडाचा भुसा मिसळायचा आणि वरून वीतभर पातेरा, म्हणजे सुका पाला. कडेला टाकला की मांजरं उकरतात. तिसऱ्या-कालवांची शिंपलं मात्र नकोत, ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. वेगळ्या बादलीत.

रोहन ए-४०१: पातेरा कुठाय पण? फेब्रुवारीत आवाराच्या मागे ढीग पेटवलेला आठवतोय.

अनघा बी-२०४: खरं दुखणं तेच. आपली २४ घरं, दिवसाला साधारण १२ ते १५ किलो ओला कचरा, म्हणजे अंदाजे ३० लिटर. तेवढाच सुका पाला रोज हवा. पावसाळ्याचे १२० दिवस धरले तर ३,६०० लिटर. एका गोणीत दाबून १०० लिटर बसतो, म्हणजे ३६ गोण्या. मे महिन्यात आपल्याकडे भरलेल्या होत्या ९. उरलेला जाळला किंवा तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, भाजणीला कोणीतरी घेऊन गेलं.

गद्रे सेक्रेटरी: ३६ गोण्या ठेवायच्या कुठे? मीटर रूममध्ये चालणार नाही.

अनघा बी-२०४: जिन्याखाली फळी टाकून. जमिनीला टेकल्या की ओल धरतात.

कुलकर्णी ए-२०१: त्यापेक्षा कचरा नगरपरिषदेच्या गाडीत द्या ना. कर भरतो आपण.

अनघा बी-२०४: काका, ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं. ते डिझेल जाळून वाहायचं आणि कुंड्यांसाठी खताच्या पिशव्या विकत आणायच्या. शेजारी वेंगुर्ल्याने डंपिंगच्या जागेवर बाग आणि बायोगॅस केला, तो घरातल्या वर्गीकरणावरच.

शिल्पा ए-१०२: ते सगळं ठीक. आज काय करायचं?

अनघा बी-२०४: रविवारी सकाळी टाकी उपसायची. फिनेल लागलेला वरचा थर वेगळा काढून ठेवा, तो झाडांना नको. तळातली जाळी गाळाने बुजली असणार, ती मोकळी करा. तळाला नारळाची सोडणं (वरची सालं) उपडी, वीतभर थर, म्हणजे हवा खेळते. मग उरलेला माल एक भाग आणि भुसा-पाला दोन भाग, कालवून परत भरायचा. एक नंबरातलं तयार खत दोन घमेली विरजण म्हणून. मूठभर घेऊन पिळा : एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून भुसा. दर तिसऱ्या दिवशी खालीवर. लोखंडी सळी मधोमध दहा मिनिटं ठेवून काढली आणि हातात धरवेना, तर टाकी सुरू झाली.

रोहन ए-४०१: भुसा मी आणतो, मिस्त्रीकडे ढीग पडलाय.

अनघा बी-२०४: प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. सॉ मिलचा, अस्सल लाकडाचाच. काथ्याचा भुसाही चालेल, पण सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर आधी धुऊन घ्यावा.

परकर भाभी ए-३०२: ॲक्टिव्हा अजून तिथेच आहे.

मयेकर बी-३०१: पन्हळ. फोटो धाडलंय. आता तरी बगा.

शिल्पा ए-१०२: अरे देवा. नळासारखी धार आहे. झाकणाच्या फटीतून सगळं आत.

अनघा बी-२०४: मयेकर काका, मग पन्हळ आधी. नाहीतर रविवारची मेहनत सोमवारी पाण्यात.

मयेकर बी-३०१: सकाळपासून सांगतय. गरिबाचा कोण आयकता.

तांडेल वहिनी बी-१०३: मासे निर्दोष सुटले. कुलकर्णी भाऊजी, नोंद घ्या.

कुलकर्णी ए-२०१: मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

अनघा बी-२०४: गणपतीत पाहुणे आले की कचरा दुप्पट होईल, आत्ताच ठरवू. आतून चकचकीत कागदी द्रोण-ग्लास टाकीत नकोत, त्यांना प्लॅस्टिकचा मुलामा असतो. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्याही बहुतेक आपल्या टाकीत विरत नाहीत, त्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. केळीची पानं चालतील, पण फाडून. हारांचे दोरे काढून निर्माल्य.

परकर भाभी ए-३०२: माझ्याकडे स्टीलची ६० ताटं आहेत. न्या कोणीही, घासून परत द्या.

गद्रे सेक्रेटरी: धन्यवाद भाभी. पन्हळीसाठी ४ इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, क्लॅम्प. अंदाजे खर्च कोणी सांगेल का? ५०० च्या वर गेल्यास कमिटीची मंजुरी लागेल.

मयेकर बी-३०१: पाइप माज्याकडे पडलो हा. फुकट. एल्बो तेवढे आणा.

गद्रे सेक्रेटरी: एल्बोचं पक्कं बिल घ्यावं, सोसायटीच्या नावाने.