चौघांचा स्वस्त तंबू : ठेवावा की बदलावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही साताऱ्याचे. आम्ही दोघं, मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. दिवाळीत साडेतीन हजारांत ‘४ माणसांचा’ तंबू मागवला आणि डिसेंबरात बामणोलीला शिवसागराच्या काठी, ओळखीच्यांच्या रानात एक रात्र राहिलो.

तंबू वाईट नाही. स्कूटरवर पायांपाशी मावतो. दोन काड्या फुलीसारख्या वाकवल्या की उभा राहतो, मुलगी आणि मी दहा मिनिटांत लावतो. जाळीतून एक डास आत आला नाही. मुलं तर परत कधी जायचं म्हणून मागे लागलीत.

पण चौघं म्हणजे अगदी खांद्याला खांदा, बॅगा बाहेर. आणि पहाटे मुलगा म्हणाला, “आई, पाऊस आला.” हात लावला तर छत ओलं, थेंब अंगावर पडत होते. बाहेर येऊन बघते तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं! पांघरुणं ओली, मुलगा कुडकुडत होता. मला फार वाईट वाटलं. कापड एकेरी आहे, वर फक्त टोपीएवढा तुकडा. पिशवीवर १००० मिमी लिहिलंय. एक फायबरची काडीही जोडाजवळ चिरलीय.

तंबू गळतोय का? पुढच्या वेळी चाळकेवाडीच्या पठारावर जायचंय. हाच न्यावा, की आठ-दहा हजार घालून दुहेरी कापडाचा घ्यावा?

प्रतिसाद १

ताई, ते दव आतलंच. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमली, त्यात पाण्याचा काठ. जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि तंबू काठापासून लांब, थोडा उंचावर लावा. दुहेरीत वाफ बाहेरच्या कापडावर जमते, अंगावर पडत नाही, फरक तेवढाच. थंडी वाजली तरी शेगडी आत नेऊ नका, धुरापेक्षा न दिसणारा वायू घातक असतो.

१००० मिमी म्हणजे एक मीटर उंच पाण्याचा दाब कापड सोसतं. शिवणीचं काय ते त्यातून कळत नाही. गच्चीवर नळीने पाणी मारून बघा. खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पाणी तिच्यावरून तळाखाली शिरतं.

चाळकेवाडीला मात्र हा नको. पवनचक्क्या तिथे वाऱ्यासाठीच उभ्या केल्यात, आणि जांभ्या कातळात खुंटी जात नाही. दोऱ्या दगडांना बांधता येतील, पण चिरलेली काडी त्या वाऱ्यात टिकायची नाही. काडीच्या चिरेवर घट्ट बसेल अशी धातूची नळी सरकवा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा.

मूळ धागाकर्ती

खूप आभार, दादा. काल पाणी मारून पाहिलं. छत कोरडं राहिलं, दाराच्या वरच्या शिवणीतून पाझरलं. तिथे शिवणीचा डिंक लावतेय. हिवाळ्यापुरता हाच ठेवायचा आणि चाळकेवाडीला दिवसाच जाऊन यायचं ठरलंय. धातूची नळी साताऱ्यात कुठे मिळेल? काडी ८ मिमीची आहे.