ओक ट्री रोड आणि इंग्रजीची सक्ती

जुना_एडिसनकर: वीस वर्षे न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडच्या, म्हणजे भारतीय, विशेषतः गुजराती दुकानांच्या रस्त्याच्या, आसऱ्याने राहूनही ज्यांना धड इंग्रजी येत नाही त्यांनी अमेरिकेत राहूच नये, जर्मन लोक पाहा कसे मुकाट्याने मिसळून गेले, असे परवा इथे एका सदस्याने लिहिले. मुकाट्याने? आयोवाच्या गव्हर्नरने 1918 साली, पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढाई चालू असताना, शाळेत, आगगाडीत, इतकेच काय टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली होती. नेब्रास्कात रॉबर्ट मेयर या शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल 25 डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला खरा, पण तोवर असंख्य शाळांतून जर्मन उठली होती.

परखड_परांजपे: तो सदस्य मीच. युद्धकाळातला उन्माद मला सांगू नका, मी आजचे बोलतो आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात धूर कोंडला, तेव्हा त्यांनी 911 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाऐवजी मुलाच्या ऑफिसात फोन केला आणि मुलगा मीटिंगमध्ये होता. माझी पत्नी धावली म्हणून निभावले. भाजीपासून डॉक्टरपर्यंत सगळे गुजरातीत भागते, म्हणूनच ही वेळ येते.

हडसनकाठ: गुजरातीत भागते, हेच तर आमचे दुखणे आहे! तिथल्या एका दुकानात मी थालीपिठाची भाजणी शोधत होते. गल्ल्यावरची मुलगी आणि मी दहा मिनिटे हिंदीत बोललो, आणि निघताना कळले की ती साताऱ्याची.

जुना_एडिसनकर: प्रश्न इंग्रजीचा चालला आहे, भाजणीचा नव्हे.

हडसनकाठ: प्रश्न तोच आहे. गुजराती मुलगा आजोबांच्या दुकानात पाट्या वाचत भाषा शिकतो. आमच्या मुलाला मराठी शाळेचे रविवारचे दोन तास मिळतात आणि परतीच्या गाडीत तो इंग्रजीवर येतो.

रविवारची_बाई: ते दोन तास आम्ही विनामोबदला शिकवतो, आणि पालक तेवढा वेळ बाहेर गाडीत बसून फोनवर इंग्रजीतच बोलत असतात, हेही लिहावे! मराठीला इथे कोणी विचारत नाही, हे रडगाणे तर आता पुरे. 1975 पासूनच्या मतदान कायद्यातील तरतुदीत इंग्रजी कमी येणारे नागरिक मोजून त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यायची की नाही ते ठरते, म्हणून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये 2013 पासून बंगाली मतपत्रिका मिळते. आपण बहुतेक जण पदवी आणि इंग्रजी घेऊनच विमानात बसलो. मग आपल्यासाठी कोण कशाला वस्ती वसवणार आणि मतपत्रिका छापणार? परांजपे, तुम्हाला ते इंग्रजी शाळेनेच दिले होते. काकूंना कोणी दिले?

परखड_परांजपे: बाई, वर्गात बसल्यासारखे वाटले. ठीक आहे, ‘राहूच नये’ हे शब्द मी मागे घेतो, ‘शिकावे’ हा शब्द मात्र घेणार नाही. वाचनालयात इंग्रजीचे वर्ग फुकट चालतात.

जुना_एडिसनकर: काकू गाडी चालवतात का?

परखड_परांजपे: नाही.

जुना_एडिसनकर: मग आपणच त्यांना न्यावे. आमच्याकडे तो वर्ग गुरुवारी संध्याकाळी असतो.

परखड_परांजपे: गुरुवारी मला जमत नाही.