हॅवलॉक पूल: जपायचे ते गर्डर की पाया?

नदीकाठ: राजमहेंद्रीजवळ गोदावरीवर १९०० साली खुला झालेला ५६ गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग) हॅवलॉक रेल्वेपूल १९९७ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. काशीच्या डफरिन पुलाचे अभियंते ग्रॅनव्हिल वॉल्टन यांच्याच देखरेखीखाली तो उभा राहिला. असे पूल भंगारात काढू नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांच्या जोडणीची रीत आता जवळजवळ लोपली आहे. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारा डोक्याचा जाड खिळा; तो लालबुंद तापवून भोकात घालून त्याचे दुसरे डोके ठोकून घडवत. थंड होताना तो आकसे आणि पत्रे एकमेकांना आवळून धरी.

तळठाव: असहमत. गर्डर, म्हणजे खांबांवर टेकलेला धातूचा सांगाडा, हा पुलाचा बदलता येणारा भाग आहे. सिंधूवरचा अटकचा पूल १८८३ चा, पण त्याचा वरचा सांगाडा १९२९ मध्ये नव्याने बसवला, म्हणून त्याचा इतिहास पुसला गेला असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडची खरी करामत पाण्याखाली आहे: खांबाच्या पायासाठी वाळूवर दगड-विटांची विहीर बांधायची, आतली वाळू उपसत जायची आणि स्वतःच्या वजनाने ती खाली उतरू द्यायची. (ताजमहालाचा पायाही विहिरींवरच आहे.) उलट दोन पत्र्यांच्या फटीत धरलेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, पत्रे फाकवतो आणि ज्याचे आपण कौतुक केलेत त्या रिव्हेटचे डोके उडवतो. रंगाचा ब्रश त्या फटीत पोचत नाही. ५६ गाळ्यांच्या देखभालीचा खर्च कोणी सोसायचा?

नदीकाठ: अटकचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण तिथे पूल चालू ठेवायचा होता. गर्डर उतरवल्यावर नदीत नुसते खांब उरतील आणि विहिरी तर कोणाला दिसणारच नाहीत. ताण सोसणारी पट्टी सडपातळ आणि दाब सोसणारा दांडा जाडजूड असतो, त्यामुळे भार कुठून कुठे उतरतो हे गर्डरच्या त्रिकोणी जाळीकडे पाहून सामान्य माणसालाही उमगते. सगळे ५६ गाळे ठेवा, असा मात्र माझा हट्ट नाही.

तळठाव: मोजके गाळे ठेवण्यास माझी हरकत नाही. मात्र काठाजवळचे सोयीचे म्हणून ते निवडू नयेत, आधी प्रत्येक जोड तपासावा. रिव्हेटवर हातोडीने हलकेच ठोकले की घट्ट बसलेला खणखणतो आणि सैल झालेला बद्द वाजतो.