फाटकाआडच्या वसाहती : इतिहास सांगायचा तर पुरा सांगा

जुनी_मिल : ‘होटगी_रोड’ यांनी काल लिहिले की, अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये लेवेलिन हॅस्केल या औषध-व्यापाऱ्याने 1850 च्या दशकात लेवेलिन पार्क ही फाटकबंद वसाहत उभारली, 1886 मध्ये खुद्द एडिसनने तिथे घर घेतले, तेव्हा सोलापुरात तसे काही होत असेल तर कोणाच्या पोटात दुखू नये. महाशय, त्यासाठी न्यू जर्सी कशाला गाठता? इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना याच सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो शिक्का पुसला गेला, पण त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. माझ्या आजोबांचा गिरणीतल्या साच्यावरचा जोडीदार तिथलाच होता. पाळी सुटल्यावर बाकीचे चहाला थांबत आणि हा सेटलमेंटमधली सक्तीची हजेरी चुकू नये म्हणून धावत सुटे.

होटगी_रोड : त्यांना सरकारने कोंडले होते, आम्ही स्वतःच्या पैशाने राहतो, ही तुलना अन्यायाची आहे. लेवेलिन पार्कात घराघरांमध्ये कुंपण घालायला मनाई होती आणि मधली सुमारे 50 एकरांची वनराई सर्वांची सामाईक होती. यात वाईट काय, ते सांगावे.

जुळे_सोलापूरकर : सर्वांची म्हणजे फाटकाच्या आतल्या सर्वांची. असो, वनराई राहू द्या, पाण्याचे बोला. उजनी धरण काठोकाठ भरले तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेही अपरात्री आणि सुरुवातीला गढूळ. शेजारच्या फाटकबंद वसाहतीने खोल बोअर मारले आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीचा बोअर आटला. त्यांच्या हिरवळीवर मात्र भर दुपारी फवारे चालू असतात.

होटगी_रोड : आम्ही टँकर विकत घेतो, पाणीपट्टीही भरतो. नळाला मोटार लावून शेजाऱ्याचे पाणी ओढणारे कोण असतात, ते आधी आपल्या गल्लीत विचारा.

जुळे_सोलापूरकर : मोटार लावली नाही तर पहिल्या मजल्यावर थेंब चढत नाही! घरात म्हातारी सासू आहे, तिने रात्री दोन वाजता हंडे वाहायचे काय? चोर म्हणताना जरा जीभ आवरा.

होटगी_रोड : आपल्याला चोर म्हटलेले नाही. बरे, आमच्या फाटकाने शाळेकडचा रस्ता अडवला, अशीही तक्रार आहे; तो मंजूर नकाशात सार्वजनिक असेल, तर दिवसा फाटक उघडे ठेवावे, एवढे मान्य. मग उघड्या फाटकातून कोणी येऊन माझ्या गाडीला ओरखडे पाडले की आपण सगळे मिळून वर्गणी काढालच. आता ‘जुनी_मिल’ यांनी सेटलमेंटची तुलना मागे घ्यावी.

जुनी_मिल : कोंडलेले आणि स्वखुशीने राहणारे एक नव्हेत, हे कबूल, तेवढ्यापुरती तुलना मागे घेतो. पण आपल्या फाटकावर धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांची जाता-येता नोंद होते आणि निघताना त्यांच्या पिशव्या उघडून पाहतात, पाहुण्यांच्या मात्र पाहत नाहीत. तो नियम कोणत्या सभेत मंजूर झाला, तेवढे कळवा.